हिरव्या चिंधीचा रुपया

यासीनभाई, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये हे मलाही कळतं. पण जिवंत होतात तेव्हा तरी माझ्या रागाचं तुम्ही काय केलंत? मी तावातावाने बोलत राहायची, तुम्ही फुंकणी तोंडात धरून मान हलवत राहायचात. तोंडात फुंकणी आहे म्हणून उत्तर देता येत नाही, असा तुमचा चेहरा असायचा. आता तर तुम्हाला कायमचा बहाणा मिळाला.

तुमच्या स्वभावाचे गोडवे गायला गावात पुष्कळ लोक आहेत. ते काम मी त्यांच्यावर सोडते. मला त्या रुपयाबद्दल बोलायचं आहे. आपल्या दोघांत भांडायला दुसरं होतंच काय?

परवा शाळेतल्या नव्या सरांना तुमच्याबद्दल सांगायला बसले, तर त्यांना आधी चिंधीचं सांगावं लागलं. ते पुण्याकडचे. अहेरीच्या बाजारात चिंचेखाली गोणपाट टाकून बसणारा माणूस चांदीचे दागिने जोडायचा, माळेत ओवायला रुपयाला कडी लावून द्यायचा, एवढं त्यांना कळलं. पावती कशी द्यायचा, हे कळेना. मी म्हटलं, सर, पावती वाचणार कोण? बाजारात येणारी बाई आपल्या लुगड्याची बोटभर चिंधी फाडून द्यायची. भाई ती मधोमध फाडायचे, अर्धी वस्तूला बांधायचे, अर्धी तिच्या हातात. ती मीठ-मिरची घेऊन परत आली की दोन तुकडे जोडून बघायचे. काठ जुळला, दोरा जुळला, की काम सुरू. आणि दिवा पेटवायचा तो ती समोर बसल्यावरच. तिच्या डोळ्यांदेखत फुंकणीने ज्योत फुंकून डाग द्यायचा, सांधा जोडायचा, म्हणजे चांदी बदलली असा संशय नको. सर म्हणाले, बाप रे, केवढी शिस्त. मला एकदम रडायला आलं आणि मी वर्गावर निघून गेले.

मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे आईचा रुपया होता. आईच्या माळेत एकच उरलेला, त्याचीही कडी तुटलेली. तुम्ही त्याच्यावरची फारसी अक्षरं बोट फिरवत वाचलीत, अडखळत, जोड जोडून. मी तोपर्यंत तीस वर्षं तो रुपया पाहत आले होते आणि ती अक्षरं आहेत हे मला माहीत नव्हतं. नक्षी समजायची मी! मास्तरीण म्हणवून घेते आणि आईच्या गळ्यातलं मला वाचता येत नव्हतं. त्या दिवसापासून मला नाण्यांचं वेड लागलं, आणि त्याला जबाबदार तुम्ही.

मग मी मुंबईच्या एका लिलाव कंपनीची यादी पोस्टाने मागवायला लागले. गुळगुळीत कागद, नाण्यांचे फोटो, खाली इंग्रजीत बारीक मजकूर. मला इंग्रजी यायचं, तुम्हाला उर्दू. बाजार उठला की चिंचेखाली बसून मी वाचायची, तुम्ही फोटोवरची अक्षरं लावायचात. हमीदाभाभी घरून डब्यात चहा पाठवायच्या. दोनदा मी पोस्टाने बोलीही लावली, दोन्ही वेळा नाणं दुसऱ्याला गेलं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं जी. घेऊन काय केलं असतं? पेटीत टाकून कुलूप लावलं असतं."

त्या यादीतच एके दिवशी मी ते वाक्य वाचलं. अमुक नाण्याला पूर्वी कडी लावलेली आहे, डागाची खूण दिसते, म्हणून किंमत कमी. पुढच्या पानावर तसंच नाणं, कडी कधीच न लावलेलं. किंमत कितीतरी पट.

तुम्ही मला ते दोनदा वाचायला लावलंत. आधी हसलात. मग स्वतःच्या हातांकडे पाहायला लागलात. "म्हणजे बाई, मी चाळीस वर्षं लोकाइच्या रुपयाचं वाटोळंच करून राह्यलो का?"

मी किती बिनडोक. मी म्हटलं, "मग काय तर!"

तुमचं तोंड एवढंसं झालं. पुढचे दोन बाजार तुम्ही कोणाच्याही रुपयाला कडी लावली नाहीत. बाया येत, तुम्ही त्यांना समजावत, हा विकला तर पैसे जास्त येतील, नागपूरले न्या, मुंबईले न्या. त्या बाया तुमच्याकडे वेड लागल्यासारखं पाहायच्या. एकीने तर ठणकावलं, "भाऊ, तुले लावाचं हाय का नाई ते सांग. नाई तं मी दुसऱ्याकडं जातो." तिसऱ्या बाजाराला तुम्ही परत फुंकणी उचललीत. मला म्हणालात, "बाई, मी इचार केला. गळ्यातला रुपया तिचा असते. पेटीतला कोणाचाई असते." आणि विषय संपला. तुमच्यापुरता.

त्याच सुमाराला तुम्ही मला हिरव्या चिंधीचा रुपया दाखवलात.

तुमच्याकडे न नेलेल्या वस्तूंची एक दोरी असायची. दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली, तिच्यावर चिंध्या टांगलेल्या, खाली पेटीत त्या त्या वस्तू. येणाऱ्याजाणाऱ्याने आपलं लुगडं ओळखावं म्हणून. बाकीच्या चिंध्या बदलत राहायच्या. एक हिरवी, लाल काठाची, कायम असायची. नदीपलीकडची कोणी तरुण बाई, कडेवर लेकरू, दंडावर गोंदण. रुपया देऊन, चिंधी फाडून बाजारात गेली आणि वादळ सुटलं. गारा पडल्या, बाजार उधळला, एस.टी. वेळेआधी निघून गेली. ती परत आलीच नाही. पुढच्या बाजाराला नाही, पुढच्या वर्षी नाही. तुम्ही दर बाजाराला ती चिंधी टांगत आलात. मला दाखवलंत तेव्हा सहा वर्षं झाली होती. रंग उडून ती हिरवी राहिली नव्हती, पण तुम्ही हिरवीच म्हणायचात.

रुपया जाडजूड, अक्षरं करकरीत, कडेला साधा ओरखडासुद्धा नाही. कडी लागायचीच राहिली होती ना! मी यादी काढली, पानं उलटली, रुपया फोटोशेजारी धरला. तोच होता. यादीवाल्यांनी खाली लिहिलं होतं की बिनकडीचा फार क्वचित मिळतो, कारण हे रुपये आपल्याकडच्या बायांनी गळ्यात घातले. मी तुम्हाला म्हटलं, भाई, तुमच्या पेटीत घरदार पडलंय. तुम्ही म्हणालात, "माह्या पेटीत नाई जी. तिच्या चिंधीत." आणि गाठ मारून ठेवून दिला.

तेव्हा मी ऐकून घेतलं. तेव्हा तुमचा श्वास ठीक होता.

खोकला सुरू झाला तो आधी पावसाळ्यापुरता, मग बारमाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि फुंकणी बंद करायला सांगितली. जन्मभर कोळशाचा, तेलाच्या दिव्याचा धूर ओढलेला, ते म्हणाले, नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे न्या, राहावं लागेल, खर्च आहे. परतीच्या एस.टी.त तुम्ही माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत होतात. गोंडपिपरी मागे पडेपर्यंत मी स्वतःला आवरलं, मग नाही आवरलं. "तो रुपया विका भाई. अहो अकरा वर्षं झाली! ती बाई आहे की नाही तेही माहीत नाही. तुमचा जीव जाऊन राह्यला आणि तुम्ही चिंधी टांगत बसले!" पुढच्या सीटवरचे लोक वळून पाहायला लागले.

"ती आली तं काय सांगू तिले?"

"नाई येत ती!"

"तुमाले कसं मालूम?"

मला कुठे मालूम होतं. मी त्या दिवशी अहेरीपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही उतरताना माझी पिशवी घेतलीत, तीही मी हिसकावून घेतली.

आता जे सांगायचं आहे ते तुमच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी तुमच्याकडून तो रुपया वर्गात दाखवायला म्हणून मागून नेला, आठवतं? इतिहासाचा तास आहे म्हटलं. तुम्ही रीतीप्रमाणे माझ्या पदराची चिंधी मागितलीत आणि मी हसत हसत दिली. मी वर्गात नाही नेला तो. फोटो स्टुडिओत नेला. दोन्ही बाजूंचे फोटो काढले, मुंबईला पाठवले, अर्ज भरला. अर्जात मालकाचं नाव लिहायची जागा होती. तिथे मी माझं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी रुपया आणून दिला, तुम्ही माझी चिंधी परत दिलीत, दोन्ही तुकडे जुळवून दाखवलेत. मला मान वर करता येईना.

मी स्वतःला सांगितलं, पैसे आले की सरळ नागपूरची गाडी करीन, तुम्हाला उचलून नेईन, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. खरं सांगते, मी तुमच्यासाठीच केलं. आणि तरी ते चोरूनच केलं.

पत्र यायला तीन महिने लागले. रजिस्टर आलं. लिलावात घ्यायला तयार आहेत, नाणं कडेनेच धरा, पुसू नका, पाण्याने धुऊ नका, अमुक तारखेच्या आत नागपूरच्या आमच्या माणसाकडे आणून द्या. तोवर तुम्ही खाटेला खिळला होतात. मी ते पत्र भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. रोज तुमच्याकडे येऊन बसायची, तुम्हाला पेपर वाचून दाखवायची, आणि ते पत्र माझ्या पर्समध्ये, पुस्तकात, असायचं. आज सांगू, उद्या सांगू. तुम्ही नको म्हणालात तर? आणि हो म्हणालात तर? तुम्ही हो म्हणाला असता, तर ते तुम्ही उरला नसता. मला दोन्ही नको होतं. मला तुम्ही जिवंत पाहिजे होता आणि तसेच हट्टी पाहिजे होता.

तुम्हाला माहीत होतं. हे मला आज सकाळी भाभींकडून कळलं. पोस्टमनने तुम्हाला सांगितलं होतं, बाईले मुंबईचं रजिस्टर आलं म्हणून. तुम्हाला तेवढं पुरलं.

शेवटच्या दिवशी दुपारी तुम्ही मला बोलावणं पाठवलंत. उशीखालून गाठोडी काढलीत. हिरवी चिंधी घट्ट बांधलेली. "बाई, आता तुमीच पाहा." मी पदर फाडायला गेले तर हात हलवून नको म्हणालात. "नाई लागत." एवढंच. श्वास पुरत नव्हता, तुम्ही डोळे मिटलेत. मी घरी येईपर्यंत रडत आले, आणि भाई, त्या रडण्यात एक कोपरा आनंदाचा होता. मी जिंकले, असं मला वाटलं. उशिरा का होईना, ऐकलं एकदाचं. उद्याच नागपूर. सकाळी तुमच्या दारात माणसं उभी दिसली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. गाठोडी माझ्या कपाटात, साड्यांखाली. सोडवली नाही. विकावा, तर ज्याच्यासाठी विकायचा तो माणूस नाही. न विकावा, तर मग तुम्ही कशासाठी गेलात? ठेवावा, तर माझ्या कोणत्या हक्काने? भाभींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्याईनं तुमाले देलं. तुमी जे करान ते." त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडणार नाहीत. मला वाटायचं, त्यांना निदान एक मुदत आहे. मी शाळेत जायची, यायची, जेवायची, आणि सगळा वेळ त्या साड्यांखाली दबलेली असायची. भाभींच्या छपराचे पत्रे गळतात, तेही दिसायचं. पत्रातली तारीख जवळ आली. विकावा, असंच ठरवलं मी शेवटी. भाभींसाठी. स्वतःला पटेल असं कारण शेवटी सापडतंच.

आज सकाळी सहाच्या नागपूर गाडीला मी स्टँडवर उभी होते. आज बाजारही होता, बाया टोपल्या घेऊन उतरत होत्या. पत्रात लिहिलं होतं, कापडात ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. म्हणून मी बाकावर बसून गाठ सोडली. पहिल्यांदा.

रुपयाला कडी होती.

आधी मला कळलंच नाही. वाटलं, दुसराच रुपया दिलात. मग अक्षरं पाहिली, तीच. डाग एवढा जाड, अक्षरांवर ओघळलेला, बाजूला काळा पडलेला. कडी वाकडी, पहिलीतल्या पोराने काढलेल्या अक्षरासारखी. तुमचा डाग कधी नखालाही लागायचा नाही, आणि हा! कंडक्टर ओरडला, "मॅडम, नागपूर! येता का?" मी म्हटलं, "नाई जी." गाडी गेली. मी तिथेच बाकावर बसून तुम्हाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

तशीच तडक भाभींकडे गेले. रुपया पुढे धरला. त्यांनी पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"तुमाले रुपया देला त्याच्या आदल्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मले म्हणे दिवा दे. मी म्हटलं, मराचं हाय का? म्हणे, एकच डाग. बत्ती मीच धरली, बाई. दोन फुका मारत अन् पडून राहत. दोन फुका मारत अन् पडून राहत. दुपारच्या नमाजपासून बसले ते दिवस कलला, असरची अजान झाली तरी होऊन नाई राह्यलं."

"भाभी, तुम्ही अडवलं काऊन नाई?"

"अडवलं ना. आयकते का तो माणूस?" मग रुपया माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "म्हणे, बाई पोरगी हाय माही. मी गेल्यावर ती हा रुपया घेऊन जाईन नागपूरले, अन् मंग जल्मभर स्वतःले खात राहीन. म्हणे, तिच्यासाठी लावतो."

चाळीस वर्षांत गिऱ्हाईक समोर नसताना तुम्ही दिवा पेटवला नव्हतात. माझ्यासाठी रीत मोडलीत. भाई, तुमच्याकडे किती फुका उरल्या होत्या? त्यातल्या किती याच्यात घातल्यात? मला नको होतं असं सुटणं. मला विचारायचंत तरी. पण मी तरी तुम्हाला कुठे विचारलं होतं.

पत्र्यांचा विषय मी काढला, तर भाभी म्हणाल्या, "पत्रे पोरगं टाकन. चंद्रपूरले गाडी चालवते तो. तुमी रडू नका." आणि तुमची पेटी, दोरी आणि गोणपाट माझ्यासमोर आणून ठेवलं. पेटीत सहा जणींच्या वस्तू होत्या. दोन महिने दोरी टांगली गेली नव्हती, बाया विचारून जात होत्या, आणि भाभींना स्वतःला बाहेर पडता येत नव्हतं. माझ्याशिवाय कोण जाणार होतं?

म्हणून आज मी शाळेला रजा टाकली आणि चिंचेखाली तुमच्या जागी बसले. बांबू रोवायला शेजारच्या मिरचीवाल्याने मदत केली. दोरी बांधली, चिंध्या टांगल्या. पाचजणी येऊन गेल्या. तुकडे जुळवून, काठ पाहून मी त्यांना वस्तू दिल्या. काम न झालेल्या, तशाच. तुम्ही गेलात हे ऐकून एकजण तिथेच खाली बसली. हिरवी चिंधी मीही हिरवीच म्हणते आता. ती राहिली, आणि तिच्या बाजूला आणखी एक.

बाजार उठायच्या वेळी एक म्हातारी आली. तिचं काही आपल्याकडे नव्हतं, ती नुसती विचारपूस करायला आली होती. तिच्या गळ्यात तुमच्या हातचे सात रुपये होते. मी तिला हिरव्या चिंधीचा रुपया दाखवला, ओळखते का म्हणून. तिने तो डोळ्याजवळ नेला, कडी ओढून पाहिली, डागावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"हे कोणाचं काम वो बाई? हे यासीनभाऊचं नाई होय. त्याईचा डाग दिसतच नाई."

"त्यांचंच आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग परत रुपयाकडे. रुपया माझ्यापुढे धरला. मी तो घेतला, चिंधीत बांधला, पेटीत ठेवला आणि दोरी गुंडाळली. पुढच्या बाजाराला पुन्हा टांगायची आहे.